काळी टोपी, पांढरी टोपी

व्हिडिओ गेमचं काळं यंत्र भारी की पांढरं, यावरून जगभरची पोरं एकमेकांचा जीव खात होती. दोन्ही कंपन्या एकमेकींच्या उरावर बसायला टपलेल्या. पोरांना एवढंच ठाऊक नव्हतं की दोन्ही यंत्रांचे हातात धरून खेळायचे कंट्रोलर एकाच छपराखाली जोडले जातात. मधे फक्त एक भिंत. अलीकडे काळ्या टोप्या, पलीकडे पांढऱ्या. दारं वेगळी, जेवणाच्या सुट्ट्या वेगळ्या, आणि कामाला लागतानाच सही घेतलेली: इकडचं तिकडे बोलायचं नाही. भिंत ओलांडून पलीकडे जाता येई, पण एकदाच. परत फिरायची सोय नाही. दोन्हीकडची गुपितं घेऊन कुणी हिंडू नये म्हणून. गुपितं कसली, तर कुठलं बटण अडकतं!

ताई काळ्या टोपीतली, तिची धाकटी बहीण पांढऱ्या टोपीतली. दोघींचं एकमेकींवाचून कुणी नव्हतं. एकाच खोलीत राहायच्या, एकाच बसने यायच्या आणि फाटकाशी आल्या की अनोळखी बायांसारख्या दोन दारांनी आत जायच्या. ताई नियमाची पक्की. धाकटीला तिथे कामाला चिकटवलं तेव्हाच तिनं बजावलं होतं, "घरात कंपनी आणायची नाही." मग जेवताना काय बोलायचं? शेजारणीच्या गुडघ्यांबद्दल बोलायच्या. ते गुडघे नसते तर त्या घरात मुकेपणाच आला असता.

ताईचं काम तपासणीचं. कंट्रोलरच्या दोन्ही दांड्या अंगठ्यांनी गोल फिरवायच्या, बटणं दाबायची, अडकलं की लाल तबकात टाकायचं. चांगला माल पट्ट्यावरून पुढे सरके, तो ती विसरून जाई. वाईट मात्र तिच्याच पुढ्यात साचत राही. त्या वर्षी लाल तबकं भराभर भरू लागली. एक उचललं की दुसरं तयार. ताईच्या मनानं घेतलं, काळ्याचं काही खरं नाही. असला माल कोण घेणार? पलीकडे मात्र सगळं सुरळीत असणार, कारण पलीकडचं लाल तबक तिनं कधी पाहिलंच नव्हतं. भरपूर माल बनतो तिथेच भरपूर माल बिघडतो, एवढी साधी गोष्ट तिला सुचली नाही. दिवसभर फक्त बिघडलेलंच बघणाऱ्याला ती सुचतही नाही.

धाकटी अलीकडे गप्प असायची. एकदा भाजी चिरता चिरता म्हणाली, "ताई, आमच्याकडे हल्ली..."

"घरात कंपनी नको," ताई म्हणाली. धाकटीनं उरलेली भाजी चिरली.

महिन्याभरानं ताई पांढरी टोपी घेऊन घरी आली. पलीकडे जायची सही करून मोकळी झाली होती. आता एका दारानं जाऊ, एकत्र जेवू, आणि काळं बुडालं तरी दोघी तरू, असं तिनं हौसेनं सांगितलं. धाकटी खाटेवर बसून राहिली.

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू बोलली असतीस. पकडली गेली असतीस म्हणजे?"

पलीकडे गेल्यावर ताईनं पहिल्यांदा लाल तबक पाहिलं. ते रिकामं होतं. पट्टाही रिकामाच. लांबून एखादा पांढरा कंट्रोलर येई, आणि चार बायका त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तशा बघत. बाकीचा वेळ स्वच्छ टेबलं पुन्हा पुसण्यात जाई. शेजारची म्हणाली, असं कधीपासून चाललंय, तुझ्या बहिणीनं नाही सांगितलं? ताईनं फडकं घेतलं आणि पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं.

पांढऱ्या कंपनीनं अखेर हात टेकले. गेमचा धंदा आपला नव्हे, असं तिनं गोड शब्दांत जाहीर केलं, आणि तिकडे काळ्याच्या पोरांनी जल्लोष केला. ताई सुपरवायझरकडे जाऊन आली. काळ्याला माणसं हवी होती. तिचा हात तिथे सगळ्यांना माहीत होता. पण ती भिंत ओलांडून बसलेली. सुपरवायझरला वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं. धाकटीची एक फेरी शिल्लक होती. तिला जायचं नव्हतं. ताईनंच काळी टोपी तिच्या डोक्यावर ठेवली आणि बसथांब्यापर्यंत ढकलत नेली.

दुसरं काम ताईला मिळालं नाही. अंगठे सुजलेले, सांधे करकरणारे, या कामाशिवाय दुसरं काही शिकलेली नाही. ती दारोदार विचारून आली आणि मग विचारायचीही थांबली. दिवसभर खिडकीशी बसते. मांडीवरचे अंगठे आपोआप गोल फिरत राहतात.

परवा जेवताना शेजारणीच्या गुडघ्यांचा विषयही संपला. ताईनं ताटाकडे बघत विचारलं, "माझ्या जागेवर कोण बसतं गं? लाल तबकं अजून तशीच भरतात?"

धाकटीचा घास हातातच राहिला. तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग ताईकडे.

"ताई, घरात कंपनी नको," ती हळूच म्हणाली.

ताईनं मान हलवली. नियम तिचाच होता. मग दोघी मुकाट्यानं जेवल्या.