फिरकीत अडकलेले भाऊ

“मला इचारलं का?” हे भाऊंचं पालुपद. पाऊस लवकर येवो नाहीतर गाडी उशिरा येवो, भाऊ हातातली छत्री आभाळावर रोखून म्हणायचे, “मला इचारलं का?”

बाजारात ट्रान्झिस्टर नवे होते तेव्हाची ही गोष्ट. लोणावळ्यात माझं केस कापायचं दुकान होतं आणि शेजारच्या ओट्यावर भाऊ छत्र्या दुरुस्त करायचे. लहानपणी तापात त्यांचे दोन्ही पाय गेले होते. खोक्याला चाकं लावून केलेल्या गाड्यात बसून ते गावभर फिरायचे. मागून ढकलायला मावशी, म्हणजे त्यांची बायको. दर रविवारी दोघं गावाबाहेरच्या सरकारी माळावर, कड्याच्या काठाशी जायची. तिथून खालची सगळी दरी दिसायची.

एका वर्षी माळाला तारेचं कुंपण पडलं आणि वाटेवर ढकललं की फिरणाऱ्या आडव्या दांड्यांची लोखंडी फिरकी बसली. माणसानं अंग चोरून आत जावं, गुरांनी बाहेर राहावं, अशी योजना. भाऊ गुरांबरोबर बाहेर राहिले.

“मी काय म्हैस हाय व्हय?” त्यांनी राखणदाराला विचारलं.

राखणदारानं गाडा नीट न्याहाळला. “न्हाई भाऊ. पर रुंदीला तेवढंच भरताय.”

मग मावशी एकटीच आत जाऊन बघून यायची आणि भाऊ कुंपणापाशी तिची उलटतपासणी घ्यायचे.

“धुकं होतं का?”

“व्हय.”

“कसं?”

“पांढरं.”

“अगं, आन् दरी?”

“हाय खाली.”

असे काही रविवार गेले आणि भाऊंचं जेवण तुटलं. छत्र्यांना कापड उलटं शिवायला लागले. शेवटी एका रविवारी त्यांनी गाडा थेट फिरकीत घातला. “ढकल!” म्हणाले. मावशीची ताकद दांडगी. गाडा अर्धा आत गेला आणि असा रुतला की पुढं सरकेना, मागं येईना.

नेमके हे कुंपण घालायला लावणारे सरकारी साहेब त्या दिवशी बायको-मेहुण्यांना घेऊन माळावर हवा खायला आले होते. बाहेर पडायची वाट एकच, आणि तिच्यात भाऊ.

“अहो, बाजूला व्हा!” साहेब ओरडले.

“बाजू कुटं ठिवलीय तुमी?”

मावशी मला बोलवायला धावली. तेवढ्यात पावसाची सर आली. गाड्यात गिऱ्हाइकांच्या छत्र्या होत्या. भाऊंनी त्या एकेक करून आत दिल्या. साहेबांच्या वाट्याला फुलाफुलांची आली. आम्ही लोहाराला घेऊन पोचलो तेव्हा साहेब तिच्याखाली उकिडवे बसून विचारत होते, “तुम्ही पूर्वी इथं यायचात?”

“दर रविवारी,” भाऊ म्हणाले. मग आवाज उतरला. “लय आठवण येती, साहेब.”

साहेबांनी लोहाराला खूण केली. लोहारानं फिरकी कापली.

पुढं तिथं बैलगाडी जाईल एवढं फाटक बसलं. कड्यापर्यंत मुरमाची सपाट वाट झाली. कुबड्यावाले, म्हातारे, बाळंतिणी, सगळेच जायला लागले. गुरंही गेली, कारण कडी लावायचं कुणाच्या लक्षात राहीना.

भाऊंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते होते तेव्हा, राखणदाराचे गुडघे गेल्यावर, भाऊ त्याला आपल्या मांडीवर बसवून माळावर न्यायचे. मला अजून दिसतो तो त्यांचा परतीचा उतार. मावशीच्या हातून गाडा सुटलाय, दोघं बोंबलतायत, म्हशी वाटेतून पळतायत, आणि मागून चपला हातात घेऊन मावशी धावतेय. हसून हसून तिला पुढचं दिसत नाही.