चौथ्या मजल्याचं आर्थिक धोरण

वारज्यातल्या आमच्या सोसायटीत कॉम्प्युटरवाल्यांची संख्या पेन्शनरांच्या बरोबरीला आली, त्या वर्षी अध्यक्षपदासाठी दोघे उभे राहिले: दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी आणि तिसऱ्या मजल्यावरचा आयटी मॅनेजर. मॅनेजर अमेरिकेच्या वेळेनुसार नोकरी करायचा. तिथले अध्यक्षपदाचे उमेदवार टीव्हीवर समोरासमोर आर्थिक धोरण मांडतात, मग आपण काय घोडं मारलंय, असं त्याचं म्हणणं. बँकवालेही इरेला पेटले. पार्किंगमध्ये दोन टेबलं लागली आणि वेळ संपली की वाजवायला आरतीची घंटा आली.

माझ्या आईला या सगळ्यातलं एकच हवं होतं. लिफ्ट बंद पडून पावसाळा उलटला होता, आम्ही चौथ्या मजल्यावर आणि तिचे गुडघे कामातून गेलेले. तरी त्या संध्याकाळी माझा खांदा धरून, वळणावळणावर थांबत, ती प्रश्न विचारायला खाली आली.

तोवर मॅनेजरने सोसायटीचं जागतिकीकरण केलं होतं आणि बँकवाल्यांनी ते रुपयाला घातक ठरवलं होतं. गच्ची परकीय गुंतवणुकीला खुली करावी का, यावर हमरीतुमरी चालली होती. आईने हात वर केला. "लिफ्ट कधी सुरू करणार?"

"काकू, फार छान प्रश्न," मॅनेजर म्हणाला. "पण चार मजल्यांना एकच लिफ्ट, ही मोनोपॉली आहे. आधी मार्केट ओपन करायला हवं."

बँकवाले उसळले. "वहिनी, पूर्वी कुठे होत्या लिफ्टा? देश चालतच होता ना?"

"देश चालत असेल हो. मला चालवत नाही."

लोकांनी तिघांसाठीही टाळ्या वाजवल्या.

सभा संपल्यावर आईला जिना चढवेना. दोन्ही उमेदवारांना एकदमच मतं दिसली. त्यांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. वाद थांबला नाही. मुद्दा मांडायला हात मोकळे हवेत म्हणून दर वळणावर खुर्ची खाली टेकवायचे. मागून अख्खी सोसायटी चढत होती.

"अहो, आधी मला वर पोचवा," आई म्हणाली, "मग खुशाल भांडा."

मॅनेजर निवडून आला. पहिल्याच बैठकीत त्याने जाहीर केलं, की खुर्चीचा प्रयोग सर्वांसमक्ष यशस्वी झाल्यामुळे लिफ्टची दुरुस्ती तूर्त पुढे ढकलण्यात येत आहे. बँकवाल्यांनी ताबडतोब अनुमोदन दिलं.

मी संतापून घरी आलो आणि दोघांचा उद्धार करत आईला सगळं सांगितलं. ती गुडघे चोळत बसली होती.

"म्हणजे," तिने विचारलं, "मी खाली आले, तेच चुकलं का रे?"