विरजणाची वाटी

यशवंतपूरच्या क्वार्टरमध्ये आमच्या शेजारच्या कानडी अक्का रोज संध्याकाळी रिकामी वाटी घेऊन यायच्या. "स्वल्प विरजण देतीस काय गं?" त्यांचे यजमान सहा वर्षं अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. मी विरजण दिलं तरी अक्का वाटी धरून दारातच उभ्या. आज भाजी कुठली केलीस, मोगऱ्याला कळ्या किती आल्या, सगळं विचारायच्या. घरातल्या आजारपणाबद्दल मात्र चकार शब्द नाही. मग एकदम "सरी, बरं, जाते" म्हणून पदर खोचत निघायच्या.

मी पुण्याहून नवीन लग्न होऊन आलेली, अतिशहाणी. एकदा म्हटलं, "अक्का, रोज चमचाभर दही मागं ठेवायचं. म्हणजे मागायला नको."

"खरंच की," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून यायच्या बंद झाल्या.

चार दिवसांनी हे सासूबाईंना सांगितलं. पोळी लाटता लाटता त्या म्हणाल्या, "तिच्या घरी दही नसतं होय? दिवसभरात तेवढंच तिला उंबऱ्याबाहेर पडायला मिळायचं."

मी तशीच वाटी घेऊन शेजारी गेले. "अक्का, माझं दही लागतच नाही. विरजण देता?"

त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुला जमायचं नाही ते," त्या म्हणाल्या. "उद्यापासून मीच येऊन लावत जाते." आणि दार लोटून, माझ्याही पुढं, आमच्या घराकडे चालू लागल्या.