आधी गाय, मग नाव

उल्कान एक्कावन्न वर्षांची झाली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी मुलाखतीला बोलावलं. आधीची नोकरी तिनं मागितलीसुद्धा नव्हती. कोचकोरजवळच्या तिच्या गावात जनावरांचा दवाखाना होता, तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांना हाताखाली माणूस हवं होतं, आणि हिच्या हाताला भीती ठाऊक नव्हती. एवढ्यावर बावीस वर्षं निघाली. मेंढ्यांना लस टोचायची, अडलेल्या गायीचं वासरू खांद्यापर्यंत हात घालून फिरवायचं, थंडीत घोड्यावरून कोसभर लांबच्या वस्तीवर जायचं. मग डॉक्टर वारले, दवाखान्याला कुलूप लागलं आणि उल्कान राजधानीत, बिश्केकला लेकीकडे राहायला आली. चार महिने लेकीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्ता बघत बसली. पाचव्या महिन्यात जावयानंच कुठूनतरी बातमी आणली, की एका नव्या कंपनीला जनावरांचं कळणारी माणसं हवी आहेत.

कंपनीचं नाव मालसाक. जुन्या शिलाई कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या. माणसं सात, आणि सगळ्यात थोरला तो मालक आझिम, वय वर्षं अठ्ठावीस. मेंढपाळानं फोन करायचा, जनावराला काय होतंय ते सांगायचं, आणि इकडून सल्ला मिळायचा किंवा जवळचा डॉक्टर पाठवला जायचा. कल्पना साधी होती आणि गरज खरी होती. डोंगरात डॉक्टर उरलेत कुठे?

“एजे, कॉम्प्युटर येतो का तुम्हाला?” आझिमनं विचारलं. आमच्याकडे मोठ्या बाईला एजेच म्हणतात, मग ती नोकरी मागायला आलेली का असेना.

“नाही येत. तुला गाय येते?”

आझिम हसला. “नाही.”

“मग मी कॉम्प्युटर शिकते. गाय शिकायला तुला जास्त वेळ लागेल.”

दुसऱ्या दिवशी ती कानाला हेडफोन लावून फोनवर बसली.

काम असं होतं. फोन आला की पडद्यावर एक अर्ज उघडायचा. त्यात एकतीस प्रश्न. नाव, जन्मसाल, गाव, जिल्हा, गुरं किती, मेंढ्या किती, घोडी किती, आजारी जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर. असं करत करत एकोणिसाव्या प्रश्नाला ‘जनावराला काय होत आहे?’ हे विचारायचं. एक रकाना भरल्याशिवाय पुढचा उघडायचाच नाही. प्रोग्राम लिहिणारा मेदेर नावाचा मुलगा हुशार होता, पण जन्मापासून नवव्या मजल्यावर राहिलेला. प्रश्नांचा क्रम मोडायचा नाही, हा कंपनीचा कडक नियम. ज्यांनी कंपनीत पैसे घातले होते त्यांना माहिती पूर्ण हवी असायची. आणि उल्कान तीन महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर होती.

जूनमध्ये एका सकाळी दहाच्या सुमाराला सुसामिरच्या कुरणांतून फोन आला. माणूस धापा टाकत होता.

“बहिणी, गाय फुगलीय! ओल्या घासात शिरली होती. डावी बाजू ढोलासारखी झालीय...”

उल्कानला तिसऱ्या शब्दालाच रोग कळला होता. पोटफुगी. हातात अर्धा तास, फार तर पाऊण. पण पडद्यावरची रेघ नावाच्या रकान्यात लुकलुकत होती.

“नाव सांगा, बाइके,” ती म्हणाली. परक्या पुरुषाला मान देऊन बाइके म्हणायची रीत.

“सापाराली. अगं, गाय...”

“जन्मसाल?”

त्यानं सांगितलं. गाव सांगितलं. मेंढ्या सांगितल्या. बिल्ल्याच्या नंबरापाशी तो ओरडला, “बाई, तू मला लष्करात भरती करतेयस की काय?” आणि फोन तुटला. उल्काननं चार वेळा उलट फोन लावला. लागला नाही.

साडेबाराला त्याचाच फोन आला. आवाज आता शांत होता. “सापाराली बोलतोय. नोंद करून घे. गाय मेली.”

उल्कान दुपारी जेवली नाही. तीन वाजता ती उठून आझिमच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“एजे, मी ऐकलं ते बोलणं,” आझिम म्हणाला. “रेंज गेली. तुमची चूक नाही.”

“रेंज जाण्याआधी माझ्याकडे सहा मिनिटं होती. सहा मिनिटांत मी ती गाय वाचवली असती. आणि मी काय केलं? जन्मसाल लिहून घेतलं.”

“अर्ज तसा आहे ना.”

“अर्ज चुकीचाय. आणि तो चुकीचाय हे कळत असून मी तो वाचत बसले, म्हणून मीही चुकले. माझं मी सुधारीन. अर्जाचं कोण बघणार?”

मेदेरनं कानातलं गाणं बंद केलं. “एजे, एका गायीसाठी अख्खा प्रोग्राम उलटा करायचा? सहा महिन्यांचं काम आहे ते.”

“किती गायींसाठी करशील? आकडा सांग.”

“दोनशे फोन दाखवा,” मेदेर थट्टेनं म्हणाला.

“बरं,” उल्कान म्हणाली, आणि घरी जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून जाड वही घेऊन गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं नियम मोडला. फोन आला की पहिला प्रश्न: “काय झालंय?” उपाय सांगून झाला की मग बाकीचं. पण अर्ज काही पुढे सरकू देईना, म्हणून रिकाम्या रकान्यांत ती काहीबाही भरायची. गावाच्या जागी ‘नंतर’. जन्मसालाला आकडाच लागे, तिथे १९००. नंतर खरी माहिती मिळाली तर दुरुस्त करायची. आणि प्रत्येक फोननंतर वहीत तीन गोष्टी: माणूस पहिलं वाक्य काय बोलला, अर्जाच्या क्रमानं गेलो असतो तर रोगापर्यंत पोचायला किती मिनिटं लागली असती, आणि शेवटी जनावराचं काय झालं. तिसऱ्या गोष्टीसाठी ती दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करायची. असा उलट फोन आजवर कंपनीतून कुणी केलाच नव्हता. मेंढपाळ चकित व्हायचे. “एवढ्याचसाठी फोन केलास? मेंढी बरी आहे. तू बरी आहेस ना?”

सात आठवड्यांनी एका सकाळी आझिम पडद्याकडे बघून बुचकळ्यात पडला.

“आपले पाऊणशे मेंढपाळ सव्वाशे वर्षांचे कसे काय?”

शेजारच्या खुर्चीवरची अकिलाय ओठ दाबून टेबलाखाली काहीतरी शोधायला लागली.

“ते माझे,” उल्कान म्हणाली. तिनं वही आणून त्याच्यापुढे ठेवली. “दोनशे चार फोन आहेत. एकशे त्रेसष्ट जणांनी पहिल्याच वाक्यात रोग सांगितलाय. तुमच्या क्रमानं तिथे पोचायला सरासरी नऊ मिनिटं. नियम मोडलाय, काढायचं तर काढ. पण आधी वाच.”

आझिम वाचत बसला. मेदेर त्याच्या खांद्यावरून डोकावला आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरला. शेवटी वही मिटून आझिम म्हणाला, “काय हवंय तुम्हाला?”

“दोन दिवस. आणि मेदेर.”

“मी?” मेदेर दचकला. “मी कशाला? मला घोड्याच्या वासानं शिंका येतात.”

“मग शिंकत शिंकत चल.”

ती दोघं सुसामिरला सापारालीच्या कुरणावर गेली. साठीचा, उन्हानं रापलेला माणूस. लोकरी तंबूच्या दाराशी उभा राहून त्यानं उल्कानला आपादमस्तक न्याहाळलं.

“म्हणजे माझी गाय मरत असताना माझं वय विचारणारी ती तूच?”

“तीच मी, बाइके.”

“लग्न जुळवायला आलीयस की काय?”

तंबूतून त्याची बायको बातमा ओरडली, “वय ऐकून कुणी तयार होत असेल तर घेऊन जाऊ दे!”

मेदेर हसला. उल्कान हसली नाही. “बाइके, मी माफी मागायला आलेय आणि शिकायला आलेय. त्या दिवशी तुम्ही कुठे उभे होता, ते मला दाखवा.”

सापारालीनं कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा तिच्या हातात दिला. तिचं पिऊन होईस्तोवर थांबला आणि मग डोंगराच्या सोंडेकडे बोट केलं. “तिथे. इथे खाली रेंज कुठाय?”

तिघं चढून गेली. मेदेरनं घड्याळ लावलं होतं. सोंडेवर पोचायला चौदा मिनिटं लागली. तिथून तंबू दिसत होता, पण जनावरं म्हणजे नुसते ठिपके. मेदेर मटकन खाली बसला.

“एजे, आपण विचारतो, ‘आता जनावराची कूस दाबून बघा.’ कुणाची कूस? जनावर तर तिकडे खाली आहे!”

हे उल्कानलाही सुचलं नव्हतं. बावीस वर्षं ती स्वतः जनावरापर्यंत गेली होती. फोनच्या पलीकडचा माणूस जनावरापासून किती लांब उभा असेल, याचा तिनं कधी विचारच केला नव्हता. वहीत तिनं स्वतः जो नवा अर्ज आखून आणला होता, त्यातल्या निम्म्या प्रश्नांत तीच चूक होती. तिनं ते पान मेदेरदेखत फाडलं.

मग ती दोघं दीड दिवस एकच गोष्ट करत राहिली. सोंडेवर उभं राहून उल्कान पोटफुगीचे उपाय सांगायची, सापाराली झपाझप खाली जायचा, आणि तिथे त्याला जेवढं आठवेल तेवढं बातमा धडधाकट गायीवर करून दाखवायला लावायची. सात गोष्टी सांगितल्या तर त्याला पहिली आणि शेवटची आठवे. पाच सांगितल्या तर तीन, त्याही उलटसुलट. तीनच सांगितल्या, बोटांवर मोजून त्याच्याकडून म्हणवून घेतल्या, तर तिन्ही जागेवर यायच्या. पुढचे पाय उंचावर येतील अशी चढाला उभी कर. तोंडात आडवी काठी बांध. कूस चोळत राहा. तेवढं करून परत सोंडेवर ये, मी फोनपाशीच आहे.

“हे आधी सांगितलं असतंस तर...” सापाराली म्हणाला.

“हो, बाइके,” उल्कान म्हणाली.

बिश्केकला आल्यावर खरी झुंज सुरू झाली. मेदेरनं प्रोग्राम पुन्हा लिहायला घेतला. पहिला रकाना ‘काय झालं?’, दुसरा ‘जनावर समोर आहे का?’, त्यानंतर तीन सूचना, मग ठरल्या वेळी उलट फोन. नाव, गाव आणि बाकी सगळं त्या दुसऱ्या फोनवर. पैसे घातलेल्या लोकांना आझिमनं तासभर समजावलं. त्यांचा एकच हेका होता, की माहिती अपुरी राहील. आझिमनं सहा आठवडे मागून घेतले. तेवढ्यात माहितीचे आकडे घसरले तर जुना अर्ज परत, असं ठरलं.

पहिला आठवडा वाईट गेला. घाईत अकिलायनं घोड्याला गायीचे उपाय सांगितले. नशिबानं घोडा वाचला. अकिलाय रडत बसली. उल्काननं तिला पाणी दिलं आणि म्हणाली, “रडून झालं की सांग, पडद्यावर तुला काय दिसलं नाही?” दिसलं नव्हतं ते असं, की गाय आणि घोडा या दोन्ही शब्दांची बटणं शेजारी शेजारी आणि एकाच रंगाची होती. त्या शुक्रवारी उल्काननं सगळ्यांना एकत्र बसवलं आणि आठवड्यात कुठे अडलं तेवढंच बोलायचं ठरवलं. कुणाचं नाव घ्यायचं नाही. तेव्हापासून दर शुक्रवारी ती बैठक होते. मालक आला नाही तरी होते.

काम सुरू होण्याआधी तासभर, आठवड्यातून दोनदा, मेदेर उल्कानला शिकवायला लागला. चौकोन काढायचे, बाण काढायचे, प्रत्येक ‘हो’ आणि ‘नाही’ला वेगळी वाट द्यायची. सुरुवातीला तिची बोटं माऊसवर अशी पडायची, जणू खिळा ठोकतेय. “एजे, मेंढी नाहीये ती, हळू धरा.” ती तसंच दात-ओठ खाऊन करत राहिली. चौथ्या आठवड्यात मेंढीच्या लंगडण्याचा पूर्ण नकाशा तिनं एकटीनं काढला. मेदेरला त्यात दोन चुका सापडल्या, तिला मेदेरच्या दुरुस्तीत एक.

सहा आठवडे संपले तेव्हा उलट फोनवर माहिती आधीपेक्षा जास्त जमली होती. जनावर वाचलेला माणूस जन्मसालच काय, आजोबांचं नावही आनंदानं सांगतो. जुना अर्ज परत आला नाही. कच्ची नोकरी केव्हाच संपली होती, तिकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. वसंतात फोनवर बसणारी माणसं अकरा झाली, तेव्हा आझिमनं उल्कानला कामाच्या पद्धतीची प्रमुख केलं.

“म्हणजे मी नेमकं काय करायचं?” तिनं विचारलं.

“जे करताय तेच. आता फक्त लोकांना तुमचं ऐकावं लागेल.”

त्याचा धोका तिला पुढच्याच महिन्यात कळला. शुक्रवारच्या बैठकीत अकिलाय चाचरत म्हणाली, “एजे, ते ‘डावी कूस चोळा’ आहे ना, ते लोकांना कळत नाहीये. डावी कुणाची? माणसाची की गायीची? समोर उभं राहिलं तर उलटं होतं.”

उल्कानला राग आला. बावीस वर्षं गायी चोळल्या, आणि ही कालची पोर! “गायीची डावी म्हणजे गायीची डावी. त्यात न कळण्यासारखं काय आहे?”

बैठक गप्प झाली. कुणी वर बघेना. त्या गप्प बसण्यानं उल्कान सावध झाली. तीन महिन्यांच्या कच्च्या नोकरीत ती स्वतः अशीच गप्प बसली होती आणि तेवढ्यात एक गाय गेली होती. तिनं खुर्ची ओढली. “अकिलाय, तुझ्या फोनांचं रेकॉर्डिंग लाव. ऐकू या.”

पाच फोन ऐकले. त्यातल्या दोघांनी भलतीच बाजू चोळली होती. उल्काननं तिथल्या तिथे ओळ बदलली: ‘गायीच्या शेपटीमागे उभे राहा, तुमचा डावा हात जिकडे, ती बाजू चोळा.’ खाली तारीख घातली आणि ही दुरुस्ती कुणी सुचवली तेही लिहिलं. चुकीला नाव लावायचं नाही, दुरुस्तीला मात्र लावायचं, हा नियम त्या दिवशी झाला.

मालसाक अजून फार मोठी झालेली नाही. कारखान्याच्या त्याच मजल्यावर तिच्याकडे आता पाच खोल्या आहेत, आणि लिफ्ट अजूनही बंदच असते. कंपनीत नवं कुणीही आलं, मग तो हिशेब बघणारा असो की प्रोग्राम लिहिणारा, पहिल्या पंधरवड्यात त्याला चार दिवस कुरणावर जावं लागतं. उल्कान स्वतः घेऊन जाते. परवाच एका नव्या मुलानं विचारलं, की माझं काम पडद्यावरचे रंग ठरवण्याचं, मी डोंगर चढून काय करू?

“बूट चांगले घालून ये,” उल्कान म्हणाली. “सहाला निघायचंय.”