गाडी गेली म्हणा

काकू शिवणकाम करायच्या आणि बोलायच्याही तशाच. एकदा टाका घातला की उसवायची सोय नाही. काकांनी उभा जन्म रेल्वेच्या फाटकावर काढला. शिट्टी ऐकली की फाटक खाली, गाडी गेली की वर. मधल्या वेळात खुद्द साहेबाची मोटार आली तरी काका ढिम्म.

पुढे विसरण्याचा आजार जडला. मुलांची नावं गेली, जेवल्याचं लक्षात राहीना, पण फाटक काही गेलं नाही. कुकरची शिट्टी झाली की काका स्वयंपाकघराच्या दारात हात आडवे करून उभे. मग काकू आतून ओरडायच्या, "गेली हो गाडी," की हात खाली. संसारात लोक याहून विचित्र तडजोडी करतात.

काकूंच्या कंबरेनं दगा दिला, काकांना उठवणं-बसवणं जमेना, तेव्हा वृद्धाश्रम गाठावा लागला. त्रास देतात का, असं व्यवस्थापकांनी विचारलं. खरं सांगितलं तर दारातूनच परत पाठवतील या भीतीनं काकू म्हणाल्या, "अगदी गरीब गाय."

गाय पहिल्याच दुपारी कुकरच्या शिट्टीला दारात आडवी आली. जेवणाची गाडी ढकलणाऱ्या मावशींनी काकांना बाजूला सारलं, काकांनी मावशींना सारलं, आणि डाळ फरशीवर गेली. व्यवस्थापकांनी काकूंना फोन केला: जरा आक्रमक झालेत, शांत राहायची गोळी सुरू करतो. अंथरुणावर पडलेल्या काकू म्हणाल्या, करा.

काठी टेकत चालता येऊ लागल्यावर काकू भेटायला गेल्या. काका खुर्चीत बसले नव्हते, बसवलेले होते. मान कलंडलेली, लाळ गळतेय, कपाळावर पडल्याचं टेंगूळ. आत कुकरची शिट्टी झाली. काकांची पापणीसुद्धा हलली नाही.

"बघा, किती शांत झालेत," व्यवस्थापक कौतुकानं म्हणाले.

"भिंतीवरच्या फोटोतला माणूसही शांतच असतो. डॉक्टरांना बोलवा."

डॉक्टर ठरलेल्या वारीच येतात, असं कळलं. काकूंनी कार्यालयाच्या दारातच खुर्ची ओढली आणि पिशवीतून कुणाच्या तरी ब्लाउजच्या बाह्या काढल्या. व्यवस्थापकांनी आधी समजावलं, मग नियम सांगितले, शेवटी हुकमाचा पत्ता टाकला: पटत नसेल तर घरी घेऊन जा. न्यायचं कसं, हे काकूंनाही ठाऊक नव्हतं, पण तोंडावर त्यांनी ते येऊ दिलं नाही.

"नेणार नाही. आणि उठणारही नाही. माणूस दिला होता, माणूसच परत घेईन."

शेवटी व्यवस्थापकांनी फोन केला आणि संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या, त्याही वैतागून. पण काकांचा कोपर वाकवून पाहिला, तो लाकडासारखा अडला, आणि त्यांचा वैताग उतरला. फोनवर ऐकून गोळी त्यांनीच लिहून दिली होती; नंतर येऊन पाहायला हवं होतं, ते राहिलं, हे त्यांनी सरळ कबूल केलं. विसरण्याचा आजार असलेल्या म्हाताऱ्यांना या गोळीनं अंग आखडतं, तोल जातो, पक्षाघाताचा आणि जिवाचाही धोका वाढतो. स्वतःला किंवा दुसऱ्याला खरंच इजा व्हायची वेळ आली आणि दुसरं काही चालेना, तरच द्यायची. तीही कमीत कमी, थोडे दिवस आणि डोळ्यांत तेल घालून.

"डाळ सांडणं ही इजा का?" काकूंनी विचारलं. "आजच बंद करा."

"एकदम नाही. उतरवत आणू. पण ते दार अडवतात कशासाठी?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. काकूंच्या हातातली सुई थांबली. गरीब गाईचं बिंग त्यांनी स्वतःच फोडलं.

व्यवस्थापकांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे आम्ही दर शिट्टीला ओरडत बसायचं?"

"बसायचं. मी इतकी वर्षं ओरडले, माझा घसा शाबूत आहे."

गोळी हळूहळू उतरली. काका पुरते पहिल्यासारखे झाले नाहीत. एक पाय अजून ओढतात. पण एका दुपारी काकू शेजारी शिवत बसल्या असताना कुकर वाजला आणि काका भिंत धरत उठले, दारात गेले, हात आडवे. नेमके व्यवस्थापक चहाचा कप घेऊन पलीकडे अडकले. इकडेतिकडे बघत ते पुटपुटले, "गाडी गेली."

हात जागचे हलले नाहीत.

काकूंनी शिवणातून मान वर केली नाही. "मोठ्यानं म्हणा," त्या म्हणाल्या. "फाटकावर वारा असतो."