भाग्यलक्ष्मीची धड्यांची पेटी

खंडोबाचा माळ अजून निम्मी वाट लांब होता आणि भाग्यलक्ष्मी आपल्याच विचारात चालत होती. आम्ही दोघी अनवाणी. करडईच्या कडेनं चालताना काटे लागत होते, मी दर चार पावलांना थांबत होते. तिचं मात्र पायाकडं लक्षच नव्हतं. पाच रविवार पायी जायचा नवस मी बोलले होते, आणि तो तिच्या पेटीसाठीच होता, म्हणून तीही माझ्यासंगं आली होती.

निघताना तिच्या नवऱ्यानं, तिप्पण्णानं, टोमणा मारला होता, "देवळात जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त व्हतंय व्हय?" तिनं चपला काढून उंबऱ्याआड ठेवल्या आणि निघाली.

पेटी म्हणजे काय ते आधी सांगते. आमच्या निर्णा गावात माझ्या घराला लागून तिचं घर. वडील पिराप्पा मेंढरं राखायचे. ही बारावीत नापास झाली, आता रोज बसनं बिदरजवळ कोळारच्या एका गोदामात माल पाठवायच्या कामाला जाते. कोणता खोका कोणत्या गाडीत चढला, पोचताना फुटला का, हे बघायचं तिचं काम. तिथं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर तिनं घरी आणला आणि मोबाईलवर बघत बघत, हाताला चटके लावून घेत, तो चालता केला. तीच ही पेटी. त्यात श्रीपतराव गुरुजींचे धडे साठवलेत. गुरुजी आमच्या मराठी शाळेतनं निवृत्त झाले, तरी तीन वर्षं ते तिच्या ओसरीत फळ्यासमोर उभे राहून दहावीचं गणित शिकवत होते आणि ही मोबाईलवर त्याचं चित्रण करत होती. आता गुरुजींना बोलताना धाप लागते. शाळेत गणिताला शिक्षक नाही. संध्याकाळी नऊ-दहा पोरी मोबाईल घेऊन तिच्या ओसरीत बसतात आणि घरातल्या वायफायवरनं पेटीतले धडे बघतात. नेट संपायची भीती नाही, बाहेर कुठं जायला नको, म्हणून आईबापही पाठवतात.

परीक्षा बारा दिवसांवर आली होती आणि नेमकी आत्ताच पेटी अडायला लागली होती.

जुनी डिस्क तुडुंब भरली म्हणून तिनं बिदरहून नवी मोठी डिस्क आणली, गणिताचे सगळे धडे तिच्यावर हलवले, आणि तेव्हापासून गुरुजींचा हात फळ्यावर अर्ध्यातच थांबायचा. मिनिटभरानं पुढची रेघ. गुंडप्पाची पोरगी शिवकन्या हसत म्हणाली होती, गुरुजी सोता समोर उभारून शिकवायचे तवाबी एवढे दमत नव्हते. हसली, पण दोन दिवसांनी ती यायची थांबली. तिच्यामागनं आणखी तिघी.

भाग्यलक्ष्मीनं हार मानली नाही. आधी वायफायचा डबा खिडकीत टांगून बघितला. मग एकाच मोबाईलवर धडा लावला, तरी तेच. नवी डिस्क काढली की पेटी पूर्वीसारखी पळायची, पण गणित नव्हतं. डिस्क बसवली की गणित होतं आणि सगळी पेटी तिची वाट बघत बसायची. कामावर सुट्टी टाकून डिस्क बिदरला नेली. दुकानदारानं आपल्या कॉम्प्युटरला लावली, तिथं धडा सरळ चालला. डिस्क चांगली आहे, तुमचं डबडंच जुनं, असं तो म्हणाला. ती डिस्क पदराखाली धरून परत आली.

माळाची चढण लागली तशी ती एकदम बोलायला लागली.

"अक्का, पेटी सगळ्या चुका लिहून ठिवती. काल मी त्या बघितल्या. डिस्क माल बरोबर देतीया, पर पेटीपतुर पोचताना तो खराब व्हायलाय. मग पेटी परत मागायली, परत मागायली. ह्यातच वेळ जायलाय."

"मग?"

"गोदामात माल चांगला आन गिऱ्हाईकाकडं फुटका, तर आमी गाडी बघतो. हितं गाडी म्हंजे वायर. पर वायर तर मी कोरी आणली, पाकिटातली. तिला काय व्हावं?"

मला काय कळणार? खंडोबा दावील, एवढंच मी म्हणाले.

देवळात गर्दी नव्हती. गौरम्मा पुजारीणबाईनं आमच्या कपाळाला भंडारा लावला आणि उरलेला ओंजळीनं आमच्यावर उधळला. भाग्यलक्ष्मीच्या हातात मोबाईल होता. बाहेर येऊन पायरीवर बसल्यावर ती तो पदरानं पुसायला लागली. वरचा पिवळा निघाला. चार्जर खुपसायच्या भोकातला निघेना. तिनं फुंकलं, मग केसातली पिन घालून हळूहळू उकरलं. हळदीचा बारीक खडा बाहेर आला. ती त्याच्याकडं बघत राहिली.

मग माझ्याकडं बघून तिनं सावकाश विचारलं, "अक्का, नवी डिस्क आणली त्या दिशी तुमी भंडारा कुठं लावलाव?"

मी बोटांना लागलेला भंडारा पदराला पुसला.

आमच्याकडं नवी वस्तू भंडारा लावल्याबिगर वापरत नाहीत. बोअरची मोटर असो, शिलाई मशीन असो, पहिल्यांदा भंडारा. त्या दिवशी ती पेटी उघडी टाकून शेजाऱ्याला दूध द्यायला गेली होती. झाकण भिंतीला टेकलेलं, आत नवी वायर तोंड वर करून पडलेली. मी झाकणावर बोटं उमटवली, आणि जरा जास्तच माया आली म्हणून एक चिमूट आतही टाकली. ती आली, झाकणावरचा भंडारा बघून तिनं हात जोडले, वायर जोडली आणि झाकण लावलं. आत टाकलेलं सांगायचं मला सुचलंच नाही.

देवळाच्या पायरीवर बसून मी ते सगळं सांगितलं. खोटं बोलायची ती जागाच नव्हती. ती रागावेल असं वाटलं. तिनं मोबाईल कनवटीला लावला आणि म्हणाली, "उठा. ऊन व्हायच्या आत घर गाठू."

येताना काटे मोडले तरी मी थांबले नाही.

घरी येऊन तिनं पेटी बंद केली, वायर उपसली आणि उजेडात धरली. तोंडाच्या फटीत पिवळी ओळ बसली होती, दमटपणानं घट्ट झालेली. डिस्कच्या टोकालाही थोडी लागली होती. ती तिनं कोऱ्या कोरड्या ब्रशानं झाडून काढली. पेटीत सीडी लावायच्या खणाला तशीच एक वायर होती. सीडी आता कोण लावतं? ती काढून डिस्कला जोडली. मी दारातच उभी होते, आत पाऊल टाकायची हिंमत नव्हती. मनात खंडोबाचं नाव चालू होतं.

तिनं धडा लावला. गुरुजींनी त्रिकोण काढला, एका दमात, तिन्ही रेघा. चुकांचा आकडा वाढायचा थांबला होता. तिनं एकदम चार मोबाईलवर चार धडे लावून बघितले. चारही चालले. तिप्पण्णा जेवता जेवता थांबून बघत होता. म्हणाला, "मंजे देवळात जाऊनच दुरुस्त झालं की."

ती पहिल्यांदा हसली. मग तशीच उठून शिवकन्याच्या घरी गेली. संध्याकाळी ओसरीत सात पोरी होत्या, दुसऱ्या दिवशी दहा.

पोरी गेल्यावर मी तिला म्हणाले, ह्यापुढं तुझ्या पेटीला मी हात लावणार नाही. नवसाचे चार रविवार राहिलेत, ते मी एकटी करीन.

ती वायरी गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "चारीबी रविवार मी येणार हाय. आन परीक्षा झाली की अजून एक डिस्क आणायची हाय, धड्यांची दुसरी प्रत ठिवायला. एक मोडली तर गुरुजी परत कुठनं आणावं? तिला भंडारा तुमीच लावायचा, अक्का. फकस्त मी झाकण लावूस्तवर चिमूट हातातच धरून ऱ्हावा."