अडुसष्ट नंबरची पकड

विमानतळाच्या दारातून आत फक्त जाणाऱ्यांना सोडतात. जवानाने आईचं आणि माझं तिकीट पाहिलं, पासपोर्ट पाहिले आणि बाबांना बाजूला व्हायची खूण केली. बाबांनी माझं मनगट धरलं होतं. हातात घेतलं नव्हतं, धरलं होतं. अंगठा आतल्या शिरेवर, चार बोटं बाहेरून, कबड्डीतला कोपऱ्यावरचा खेळाडू चढाई करणाऱ्याला धरतो तसं. मागे ट्रॉल्या खोळंबल्या. "चलो भाई, आगे लो," जवान म्हणाला. बाबा म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी आलोच." आणि त्यांनी पकड सोडली.

मी दहावीची परीक्षा दिलेला मुलगा होतो. आई नर्स. अमेरिकेत ओहायोतल्या एका हॉस्पिटलने तिला नोकरी दिली होती. बाबा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशच्या कामावर होते. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, जेसल पार्कच्या आमच्या घरात अंथरुणाला खिळली होती. तिला ठेवून बाबांना येणं शक्य नव्हतं. 'आलोच' म्हणालेला माणूस यायला पुढे दहा वर्षं लागली.

बाबा मूळचे महाडकडचे. तरुणपणी गावच्या संघात डावा कोपरा खेळायचे. जेसल पार्कला खाडीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत त्यांनी मला कबड्डी शिकवली. शिकवण एवढीच: "एकदा धरलंस की सोडायचं नाही. हात तुटला तरी." आई वर खिडकीतून ऐकायची. "तुटला तर बांधायला मी आहे म्हणून सांगताय होय?" मी अंगाने थोराड होतो. शाळेच्या फोटोत मला मास्तरांशेजारी उभं केलं, तर पाहणाऱ्याने आधी माझ्याकडे बघून मास्तर म्हटलं असतं. समोरच्या दारातले कीर्तीभाई, कापडाचे दुकानदार, जिन्यात भेटले की बाबांना विचारायचे, "क्या खिलाते हो इस को? मेरे दोनों मिला के भी इतना नहीं होता." बाबा म्हणायचे, "भात. दुसरं काय?"

ओहायोतल्या शाळेत पहिल्याच आठवड्यात फुटबॉलच्या कोचने मला कॉरिडॉरमध्ये थांबवलं. नाव विचारण्याआधी त्याने वजन विचारलं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलमध्ये पाय क्वचितच चेंडूला लागतो. चेंडू घेऊन पुढे जायचं असतं, आणि समोरचे अकरा जण जाऊ देत नाहीत. चेंडूवाल्याच्या पुढे पाच दांडगे उभे राहतात. त्यांना लाइनमन म्हणतात. समोरून येणाऱ्यांना छातीने आणि तळहातांनी थोपवायचं, मागच्याला वाट करून द्यायची, हे त्यांचं काम. ते चेंडूला हात लावत नाहीत. कॅमेरा चेंडूबरोबर जातो, त्यामुळे ते टीव्हीवर असून दिसत नाहीत. एक नियम मात्र पक्का आहे. समोरच्याला ढकलता येतं, धरता येत नाही. धरलं की पंच पिवळा रुमाल टाकतो, खेळ थांबवतो, माइक सुरू करून गुन्हा आणि खेळाडूचा नंबर साऱ्या मैदानाला सांगतो. मग संघाला दहा यार्ड मागे नेतात.

कबड्डीत ज्याला गुण मिळतो, त्याला इथे दंड होता. माझे हात भाईंदरला तयार झाले होते. समोरचा निसटतोय असं वाटलं की बोटं आपोआप मिटायची. कोच कडेला उभा राहून ओरडायचा, "लेट गो! लेट गो!" माझ्या अमेरिकेतल्या शिक्षणाचा बराचसा भाग म्हणजे सोडायला शिकणं होता. ते मला कधीच पूर्ण जमलं नाही. पण ताकद होती, पाय चपळ होते आणि मी सांगितलेलं ऐकायचो. एका कॉलेजने स्कॉलरशिप दिली. मी पत्रकारिता शिकलो आणि लेफ्ट गार्ड, म्हणजे त्या पाचांतल्या मधल्याच्या डावीकडचा, खेळलो. जर्सीचा नंबर अडुसष्ट.

कॉलेजच्या संध्याकाळच्या मॅच भाईंदरला रविवारी पहाटे दिसायच्या. आईने फोनवरून बाबांना टीव्हीत काय कुठे दाबायचं ते शिकवलं. आजीचं आवरून बाबा चहा घेऊन बसत. पहिल्या मॅचनंतर त्यांनी विचारलं, "तू होतास कुठे?" मी म्हणालो, पूर्णवेळ मैदानात होतो. ते म्हणाले, "बरं, बरं." त्यांना पटलं नव्हतं, हे आवाजातून कळलं.

तिसऱ्या की चौथ्या मॅचमध्ये मी एकाला धरलं. रुमाल पडला, खेळ थांबला, पंच थेट कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलला: होल्डिंग, नंबर अडुसष्ट. पडद्यावर माझा चेहरा मोठा दिसला. बाबांचं इंग्रजी गाळ्यातल्या पावत्यांपुरतं होतं, पण आकडा कळला आणि होल्डिंग म्हणजे धरणं हेही कळलं. त्यांनी आपल्या अनुभवावरून हिशेब लावला. चेंडू घेऊन एवढे धावले, त्यांच्यासाठी खेळ कुणी थांबवला नाही. माझ्या मुलाने पकड केली तर थांबवला, माइकवर नंबर घेतला. मी लॉकर रूममध्ये बर्फ लावून बसलो होतो तेव्हा त्यांचा फोन आला. "बघितली रे! काय पकड केलीस! रुमाल काय टाकला तुझ्यासाठी!" मागे कीर्तीभाईंचा आवाज होता. "बेटा, पेढे खा रहे हैं हम लोग. तेरे नाम के."

मी आईला म्हणालो, त्यांना सांगायला हवं. आई नाइट ड्युटीला निघाली होती, बुटाची नाडी बांधत होती. तिने मान वर केली नाही. "राहू दे. त्यांना तुझं तेवढंच दिसतं."

ते खरं होतं. लाइनमनने काम बरोबर केलं तर तो दिसत नाही. बाबांना मुलगा दिसायचा तो मुलगा चुकला की. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गेलात, त्यांना हा प्रकार वेगळ्या रूपात ठाऊक असेल. आपण जे पाठवतो ते आणि घरी जे पोचतं ते, यात अंतर असतं. माझ्या बाबतीत अंतर दहा यार्डांचं होतं.

कॉलेज संपल्यावर व्यावसायिक संघांनी निवड केली त्यात माझं नाव नव्हतं. मग एका संघाने कॅम्पला बोलावलं आणि सराव संघात ठेवलं. सराव संघ म्हणजे आठवडाभर प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून आपल्याच खेळाडूंचा मार खायचा, मॅचच्या दिवशी साध्या कपड्यांत उभं राहायचं. दोन सीझन तसे गेले. बाबा तरीही पहाटे उठून टीव्ही लावत. "नंबर येत नाही रे हल्ली," एवढंच म्हणत. त्या काळात आजी गेली. मी कॅम्पमध्ये होतो. आईला भाईंदरला जाता आलं नाही, कारण तिची सुटी मंजूर झाली नाही. सगळं बाबांनी एकट्याने केलं आणि नवव्या दिवशी विचारलं, "गुडघ्याला तेल लावतोस ना?"

दुसऱ्या सीझनच्या अखेरीस लेफ्ट गार्ड जखमी झाला आणि मला उतरवलं. माझ्या व्यावसायिक कारकिर्दीत माझा नंबर, इथेही अडुसष्टच, माइकवरून एकदाच घेतला गेला, तो त्या दिवशी. आमच्या माणसाने चेंडू थेट शेवटच्या रेषेपलीकडे नेला होता. मैदान उभं राहिलं होतं. मग रुमाल दिसला. मी एकाला खांद्याच्या पट्ट्याला धरलं होतं. गुण रद्द झाले, आम्ही मॅच हरलो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझं नाव पहिल्यांदा आलं, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये चूक होती. प्रेक्षकांनी लिहिलेलं मी वाचलं नाही. भाईंदरला बाबांनी अख्ख्या विंगमध्ये पेढे वाटले. कीर्तीभाईंच्या मुलाने तो तुकडा फोनमध्ये उतरवून घेतला.

पुढच्या सीझनला संघाने मला मुख्य यादीत ठेवलं. बाबांनी गाळ्यातलं काम सोडलं. मागे आता कुणी नव्हतं. व्हिसा झाला, तिकीट निघालं. ते येणार होते मला समोर खेळताना बघायला, ही एकच गोष्ट ठरलेली होती. बाकी इकडेच राहायचं की परत जायचं, ते आल्यावर बघू, असं आई म्हणाली. तिने घरातली एक खोली रिकामी केली होती.

ते पोचायच्या आदल्या आठवड्यात सरावात माझ्या उजव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. कुणाची चूक नव्हती. मागे पडणारा माणूस पायावर पडला.

विमानतळावर बाबांनी आधी कुबड्या पाहिल्या, मग मला. मनगट धरलं. ती जुनी पकड राहिली नव्हती, पॉलिशच्या चाकाने बोटं वाकडी झाली होती. घरी आल्यावर बॅगेतून त्यांनी स्टीलचा उभा डबा काढला. भाईंदरला नवं भांडं घेतलं की दुकानातच मशीनने नाव घालून देतात. डब्यावर माझं पूर्ण नाव होतं आणि खाली, जरा मोठं, ६८.

तिकिटं काढलेली होती म्हणून आम्ही मॅचला गेलो. आई, बाबा आणि मी, खेळाडूंच्या घरच्यांसाठी असते त्या रांगेत. माझ्या जागी एक नवीन मुलगा खेळत होता, नंबर एकाहत्तर. बाबांनी जाकीट गळ्यापर्यंत लावलं होतं. चेंडूकडे ते बघतच नव्हते, त्या पाच जणांकडे बघत होते. पुढे मला वाटत राहिलं आहे की एवढ्या मोठ्या मैदानात लाइनमनला बघायला आलेला तो एकच प्रेक्षक असेल.

दुसऱ्या सत्रात आमच्या माणसाने मोठी धाव घेतली आणि रुमाल पडला. पंचाने माइक सुरू केला. होल्डिंग, नंबर एकाहत्तर. बाबा ताडकन उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. माझ्याकडे वाकून म्हणाले, "अरे वाजव. तुझ्या जागेवरचा पोर आहे. त्याचाही बाप बसला असेल इथे कुठेतरी."

सगळं मैदान हुर्यो करत होतं. पुढच्या रांगेतला एक माणूस वळला, हसला आणि म्हणाला, काका, तुम्ही नक्की कुठल्या संघाचे? बाबांना शब्द कळले नाहीत. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग मैदानाकडे पाहिलं. तिथे चेंडू उचलून मागे नेत होते.

ते सावकाश खाली बसले. "बॉल मागे का नेला?"

"दंड झाला."

"कशाचा?"

"पकडीचा."

आई समोर बघत होती. बाबांनी हात जाकिटाच्या खिशात घातले. "तुझ्या वेळीही मागे न्यायचे?"

"हो."

"दरवेळी?"

"दरवेळी, बाबा."

मॅच पुढे सुरू झाली. एकाहत्तरने पुढच्या खेळीत चांगलं काम केलं, ते कुणाला दिसलं नाही. बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, "मग सोडायचं होतंस की रे."

ठरल्या तारखेला ते परत गेले. आईने थांबवून पाहिलं. ते म्हणाले, "इथे मी कोणाला ओळखतो? आणि मला कोण?" खोली तशीच राहिली. माझा गुडघा पूर्ण बरा झाला नाही. संघाने मोकळं केलं, कॅनडातल्या एका संघाने तपासून परत पाठवलं, आणि मी एका शहरी दैनिकाच्या डेस्कवर लागलो. इतरांच्या बातम्या तपासतो. बातमी नीट गेली तर आमचं नाव नसतं, चुकली तर सगळ्यांना आमची आठवण होते. त्यामुळे काम नवीन वाटलं नाही. बाबा दर रविवारी फोन करत. जेवण, थंडी, आईची पाठ. खेळाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

गेल्या वर्षी कीर्तीभाईंचा फोन आला. सकाळी बाबांनी दूध घ्यायला दार उघडलं नाही, म्हणून त्यांनी दार तोडलं होतं. आम्ही पोचलो तोवर महाडच्या चुलतभावाने अग्नी दिला होता. तसं मीच सांगितलं होतं.

इमारतीच्या आवारात खुर्च्या मांडून कीर्तीभाईंनी प्रार्थनासभा ठेवली. बाबांचा फोटो, हार, उदबत्ती. भजन झालं. मग कीर्तीभाई माझ्याशेजारी येऊन बसले. "तेरे पप्पा अमेरिका से आए ना, तो हम सब ने पूछा. नंबर बोलते हैं तब वहाँ क्या होता है? बोले, लोग खड़े हो के ताली बजाते हैं." ते डोळे पुसत होते. "बोले, मैंने अपनी आँख से देखा."

बाबांनी खोटं सांगितलं नव्हतं. एक माणूस उभा राहिला होता.

घर कुठे, असं डेस्कवर कुणी विचारलं की मी अजून भाईंदर सांगतो. तिथलं घर आता विकायला काढलं आहे, खाडीकडच्या मोकळ्या जागेवर टॉवर आहे, आणि मी चिंच-गुळाच्या आमटीपेक्षा सूप जास्त खातो. तरी सांगतो. कारण माझा हिशेब यार्डांत न करणारी माणसं फक्त त्या एका इमारतीत आहेत.

सभेच्या शेवटी कीर्तीभाईंच्या मुलाने फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला. "काकांना हे फार आवडायचं," तो म्हणाला. पडद्यावर रुमाल पडला. पंच वळला. होल्डिंग, नंबर अडुसष्ट. खुर्च्यांतून सवयीने टाळ्या पडल्या. मग कुणाला तरी समोरचा फोटो आठवला असावा, सगळे गप्प झाले.

गुडघ्यामुळे मला उठायला वेळ लागतो. मी उभा राहीपर्यंत टाळ्या थांबल्या होत्या. मी एकट्याने वाजवल्या.